विश्लेषण : तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा ‘हिपॅटायटिस सी’ अजूनही जीव का घेतो?

वीस-पंचवीस वर्षे शरीरात गुपचूप राहून यकृत पोखरणारा विषाणू, आणि त्याला बारा आठवड्यांत संपवणाऱ्या गोळ्या. या दोन्ही गोष्टी आज एकाच वेळी अस्तित्वात आहेत. या गोळ्या भारतातच तयार होतात आणि सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सीचा संसर्ग आहे. रुग्णसंख्येत पाकिस्तानखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. जगभरात २०२२ या एका वर्षात या संसर्गाने सुमारे २ लाख ४२ हजार जणांचा बळी घेतला. औषध हाताशी असताना हे मृत्यू का होतात, याचा हा आढावा.

हिपॅटायटिस सी म्हणजे नेमके काय?

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. तो घडवून आणणारे प्रमुख विषाणू पाच आहेत : ए, बी, सी, डी आणि ई. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे जी काविळीची साथ येते, ती बहुतेकदा ए किंवा ई विषाणूची असते. ती काही आठवड्यांत ओसरते. बी आणि सी हे विषाणू मात्र रक्तातून पसरतात आणि शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करू शकतात. हिपॅटायटिस बीवर लस आहे, सीवर अजून लस नाही. कारण सीचा विषाणू सतत रूप बदलत राहतो.

या विषाणूचा शोध तसा अलीकडचा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आले, की रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीचे अनेक रुग्ण ए आणि बी या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. तेव्हा या आजाराला ‘ए नाही, बी नाही’ असेच नाव पडले. १९८९ मध्ये मायकल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू ओळखला. पुढे चार्ल्स राइस यांनी हाच विषाणू एकट्याने आजार घडवू शकतो, हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्ग झाल्याचे कळत का नाही?

संसर्ग झालेल्या बहुतेकांना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. आला तरी तो साधा थकवा किंवा अपचन म्हणून सोडून दिला जातो. दर १०० संसर्गितांपैकी साधारण ३० जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला स्वतःहून हुसकावून लावते. उरलेल्या ७० जणांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो. सहा महिन्यांनंतरही विषाणू रक्तात सापडत असेल, तर त्याला दीर्घकालीन संसर्ग म्हणतात.

यकृत हा अत्यंत सोशिक अवयव आहे. त्याचा बराच भाग खराब झाला तरी तो कुरकुर न करता काम करत राहतो. म्हणूनच कित्येकांना या आजाराचा पत्ता अपघातानेच लागतो. कुणाला रक्तदान केल्यावर रक्तपेढीतून फोन येतो, कुणाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत चाचणी सकारात्मक येते, तर कुणाला परदेशी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत कळते. ज्यांच्या वाट्याला असा ‘अपघात’ येत नाही, त्यांना आजार कळतो तो थेट पोटात पाणी झाल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर.

उपचार न घेतल्यास काय गुंतागुंत होते?

विषाणूमुळे यकृतात मंद दाह चालूच राहतो. जखम भरताना जसा व्रण उरतो, तसे यकृतात तंतुमय व्रण साठत जातात. ते वाढून यकृत कठीण आणि गाठाळ झाले, की त्याला सिरॉसिस म्हणतात. दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांच्या आत सिरॉसिस होण्याचा धोका असतो. दारू, लठ्ठपणा, मधुमेह किंवा सोबत एचआयव्ही वा हिपॅटायटिस बीचा संसर्ग असेल, तर हा प्रवास आणखी वेगाने होतो. भारतात या विषाणूचा तिसरा जनुकीय प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्याचा यकृतातील चरबीशी जवळचा संबंध आहे. त्यामुळे वाढते वजन आणि मधुमेहाच्या देशात ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

सिरॉसिस झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहत नाही. त्यामुळे अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि फुटू शकतात. पोटात पाणी साठते, म्हणजेच जलोदर होतो. यकृत गाळू न शकलेली द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचल्याने रुग्णाला भ्रम होतो, दिवसरात्रीचे भान राहत नाही. सिरॉसिसनंतर दरवर्षी काही टक्के रुग्णांना यकृताचा कर्करोग होतो. या टप्प्यावर अनेकांपुढे यकृत प्रत्यारोपणाखेरीज पर्याय उरत नाही, आणि तो खर्च तसेच तो अवयव मिळणे, दोन्ही बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेरचे असते.

त्रास यकृतापुरताच राहतो असेही नाही. काहींना मूत्रपिंडाचा दाह, रक्तवाहिन्यांचा दाह, पायांवर जांभळे पुरळ, टाइप २ मधुमेह किंवा एका प्रकारचा लसिका कर्करोगही या विषाणूमुळे होऊ शकतो.

हा संसर्ग कसा होतो?

एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळणे, हा संसर्गाचा मुख्य मार्ग. एकच सुई वा सिरिंज अनेकांना वापरणे, नीट निर्जंतुक न केलेली दंतवैद्यकीय वा शस्त्रक्रियेची उपकरणे, डायलिसिस केंद्रांतील ढिलाई, टॅटूच्या सुया, नशेसाठी सुई वाटून घेणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के असते. शरीरसंबंधांतून तो क्वचित होतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा अंगावरच्या दुधातून तो पसरत नाही. मात्र घरात दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्याने वेगळा ठेवायला हवा.

भारतात दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी सक्तीने चाचणी होऊ लागली, ती या शतकाच्या सुरुवातीला. त्यापूर्वी रक्त घेतलेल्यांना, म्हणजे जुन्या शस्त्रक्रियांचे, बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या महिलांचे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांचे रक्त एकदा तपासून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. आजही संसर्ग अगदी ताजा असेल, तर नेहमीच्या चाचणीत तो निसटू शकतो. अधिक संवेदनशील अशी एनएटी चाचणी सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही.

इंजेक्शनचा हव्यास कितपत जबाबदार?

बऱ्याच अंशी. ‘सुई टोचली की लवकर बरे वाटते’ हा समज गावोगावी आहे, आणि सुई न टोचणारा डॉक्टर रुग्णांना कच्चा वाटतो. दोन दशकांपूर्वी झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतात दरवर्षी सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील जवळपास ६३ टक्के असुरक्षित असतात, असे दिसले होते. त्यानंतर एकदाच वापरायच्या सिरिंजचा प्रसार बराच झाला आहे. पण पदवी नसलेल्या ‘डॉक्टरां’च्या दवाखान्यांत, सलाइन आणि जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांच्या धंद्यात धोका कायम आहे.

पंजाब आणि हरयाणात हा आजार ‘काला पीलिया’ या नावाने घरोघरी माहीत आहे. पंजाबमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतही त्याचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक आढळले. त्यामागे असुरक्षित इंजेक्शने आणि सुईतून होणारी नशा ही दोन्ही कारणे सांगितली जातात. मणिपूर आणि मिझोरममध्ये नशेसाठी सुई वापरणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील रक्तनमुन्यांच्या आधारे देशाची सरासरी ०.३२ टक्के निघाली. आकडा छोटा दिसतो, पण दीडशे कोटींच्या जवळ पोहोचलेल्या देशात त्याचा अर्थ लाखोंमध्ये होतो.

एक चाचणी पुरत नाही का?

नाही, आणि गोंधळ इथेच होतो. पहिली चाचणी असते प्रतिपिंडांची, म्हणजे ‘अँटी-एचसीव्ही’. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरही ती काही मिनिटांत होते. पण ती एवढेच सांगते, की या माणसाचा विषाणूशी कधीतरी सामना झाला होता. विषाणू आज शरीरात आहे की नाही, हे कळण्यासाठी दुसरी, आरएनएची चाचणी करावी लागते. तिलाच ‘व्हायरल लोड’ म्हणतात. पहिली सकारात्मक आणि दुसरी नकारात्मक असेल, तर उपचारांची गरज नसते.

दुसरी चाचणी सकारात्मक आली, की यकृताचे नुकसान किती झाले हे पाहिले जाते. त्यासाठी आता बहुतेकदा यकृताचा तुकडा काढावा लागत नाही. रक्तातील यकृताच्या विकरांची पातळी आणि प्लेटलेटची संख्या यांचे साधे गणित मांडून किंवा फायब्रोस्कॅन करून अंदाज बांधता येतो. सोबत हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचीही चाचणी होते. हिपॅटायटिस बी दबून बसलेला असेल, तर सीचा उपचार सुरू असताना तो उसळी घेऊ शकतो.

उपचारात क्रांती झाली म्हणजे काय झाले?

२०१३ पर्यंत मुख्य औषध होते इंटरफेरॉन. त्याची इंजेक्शने, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि कालावधी २४ ते ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, रक्तपेशींत घट, नैराश्य यांमुळे अनेक जण उपचार अर्धवट सोडत. काही प्रकारांत एवढे सोसूनही निम्मेच रुग्ण बरे होत. ज्यांचे यकृत आधीच निकामी होऊ लागले होते, त्यांना तर ते देताही येत नसे.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मंजुरी मिळाली. विषाणू स्वतःच्या प्रती काढण्यासाठी जे विकर वापरतो, त्यालाच ही गोळी बंद पाडते. तिच्या जोडीला डॅक्लाटासव्हिर किंवा वेल्पाटासव्हिर दिले, की विषाणूची दुसरी वाटही अडते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीचे विषाणू पेशींमध्ये दडून राहण्यासाठी कायमची जागा करून ठेवतात. सीला तशी जागा नाही. प्रती काढणे थांबले, की तो संपतो. म्हणूनच हा दीर्घकालीन संसर्ग औषधाने पूर्ण बरा होतो, आणि बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात आहे.

भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात सिरॉसिस नसलेल्या रुग्णांना सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर १२ आठवडे दिले जाते. सिरॉसिस असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर, आणि यकृत निकामी होऊ लागले असेल तर त्यात रिबाव्हिरिनची भर किंवा २४ आठवड्यांचा कालावधी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन यांच्याशी या औषधांचे जमत नाही. त्यामुळे आधीपासून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

८४ हजार डॉलरचे औषध स्वस्त कसे झाले?

अमेरिकेत गिलिअड कंपनीने सोफोसबुव्हिरच्या १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ठेवली ८४ हजार डॉलर. म्हणजे एका गोळीला हजार डॉलर, आणि तेव्हाच्या दराने एकूण ५० लाख रुपयांहून अधिक. लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला, की हाच कोर्स तयार करण्याचा खर्च ६८ ते १३६ डॉलरच असू शकतो. औषधांच्या किमतींवरून जगभर वाद पेटला. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीतील दोन सदस्यांनी दीड वर्ष चौकशी करून २०१५ मध्ये अहवाल दिला. अधिकाधिक रुग्णांपर्यंत पोहोचण्यापेक्षा अधिकाधिक महसूल हे किंमत ठरवतानाचे सूत्र होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

भारतात या औषधाच्या पेटंटला रुग्ण संघटनांनी आव्हान दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलिअडने भारतीय कंपन्यांना परवाने देऊन ९१ देशांत स्वस्त जेनेरिक विकण्याची मुभा दिली. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून पुन्हा कार्यालयाकडे आले आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. तोवर बाजार मात्र बदलला होता. मार्च २०१५ मध्ये २८ गोळ्यांची जेनेरिक बाटली सुमारे २० हजार रुपयांना आली आणि कंपन्यांच्या स्पर्धेत किमती आणखी घसरत गेल्या. चीन आणि ब्राझीलसारखे मोठे देश या परवान्यातून वगळले गेले, ही त्या कराराची दुसरी बाजू. भारतीय गोळ्यांसाठी परदेशांतील रुग्णही धडपडू लागले.

इजिप्तने काय करून दाखवले?

या आजाराचे सर्वांत मोठे ओझे एकेकाळी इजिप्तवर होते, आणि ते सरकारी उपचारांतूनच आले होते. नाईल खोऱ्यातील शेतकऱ्यांना छळणाऱ्या बिल्हार्झिया या जंतविकारावर १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत इंजेक्शनांची मोहीम चालली. काचेच्या सिरिंज नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. एका आजारावरच्या औषधाबरोबर दुसरा आजार पसरला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटात दर दहांपैकी जवळपास एकाच्या रक्तात विषाणू सापडला.

इजिप्तने आधी औषधाच्या किमतीची घासाघीस केली, मग देशातच जेनेरिक बनवले. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची चाचणी झाली. त्यांतील सुमारे २२ लाख जणांची प्रतिपिंड चाचणी सकारात्मक आली आणि पुढील तपासणी व उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवर ‘सुवर्ण’ श्रेणी गाठणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला मान्यता दिली.

भारतात घोडे कुठे पेंड खाते?

धडा भारतातही उपलब्ध आहे. पंजाबने जून २०१६ मध्ये मोफत उपचारांची योजना सुरू केली. मोठ्या शहरातील यकृततज्ज्ञाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनाच प्रशिक्षण दिले गेले. सुमारे ४८ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा उपचार आणि शेवटची चाचणी पूर्ण केलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण बरे झाल्याचे दिसले. तज्ज्ञांची कमतरता हा अडथळा ठरत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्राने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. चाचणी आणि औषध मोफत, आणि २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट.

अडचण आहे ती रुग्ण सापडण्याची. जागतिक लक्ष्य ९० टक्के रुग्णांचे निदान आणि ८० टक्क्यांवर उपचार, असे आहे. २०२२ अखेर जगभरात निदान झाले होते सुमारे ३६ टक्क्यांचे, उपचार सुमारे २० टक्क्यांवर. जो आजारी वाटत नाही, तो दवाखान्यात येत नाही. आला आणि पहिली चाचणी सकारात्मक निघाली, तरी दुसऱ्या चाचणीसाठी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी जायचे असेल, तर रोजंदारीवरचा माणूस वाटेतच गळतो. नशा करणाऱ्यांना आणि तुरुंगातील बंद्यांना संसर्गाचा धोका सर्वाधिक, पण आरोग्य यंत्रणेपासून तेच सर्वांत दूर.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

महाराष्ट्रात पंजाबइतका प्रसार नाही. म्हणूनच इथे या आजाराची चर्चाही कमी. कावीळ म्हटले की गावठी औषध, गळ्यात माळ आणि पथ्य, हाच क्रम अनेक घरांत अजून चालतो. ए किंवा ई प्रकारची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. सी विषाणू मात्र आपोआप बरा होईल या भरवशावर सोडला, तर वीस वर्षांनी हिशेब चुकता करतो.

रक्त संकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. जयंत्या-पुण्यतिथ्यांपासून गणेशोत्सवापर्यंत शिबिरे भरतात. प्रत्येक पिशवीची चाचणी होते, म्हणजे अनेक निरोगी दिसणाऱ्या माणसांची ती आयुष्यातील पहिलीच हिपॅटायटिस चाचणी असते. दोष आढळलेली पिशवी नष्ट होते. पण तो दाता शोधून, त्याला गोपनीयपणे सांगून उपचार केंद्रापर्यंत पोहोचवणे, ही साखळी अनेकदा तुटते. शिबिराच्या अर्जावर चुकीचा फोन नंबर असला, तरी एक रुग्ण हातचा जातो. वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मिळू शकत असताना ही साखळी जोडणे तुलनेने स्वस्तातले काम आहे.

आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कोकणातील आणि मराठवाड्यातील तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत हिपॅटायटिस सीची चाचणी असते. पूर्ण बरे झाल्यानंतरही प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. निर्णय फक्त प्रतिपिंड चाचणीवर झाला, तर बरा झालेला माणूसही अपात्र ठरू शकतो. अशांनी आरएनए चाचणीचा नकारात्मक अहवाल आणि उपचारांची कागदपत्रे जपून ठेवलेली बरी.

बरे झाल्यावर सगळे संपते का?

गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करतात. विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानले जाते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, या उपचाराने प्रतिकारशक्ती मिळत नाही. दूषित सुई पुन्हा टोचली, तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो. दोन, उपचारापूर्वी सिरॉसिस झाला असेल, तर कर्करोगाचा धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. अशा रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायला हवी आणि दारू कायमची सोडायला हवी.

थोडक्यात, तीन महिन्यांच्या गोळ्या विषाणूला मारतात, आधी झालेले नुकसान पूर्ण भरून काढत नाहीत. निदान तिशी-चाळिशीत झाले तर माणूस जवळपास पूर्ववत होतो, आणि तेच जलोदर झाल्यावर झाले तर तेच औषध अर्धीच लढाई जिंकून देते. २०३० चे उद्दिष्ट गाठायचे, तर रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहून चालणार नाही. रक्तपेढी, डायलिसिस केंद्र, तुरुंग आणि व्यसनमुक्ती केंद्र अशा ठिकाणी चाचणी त्याच्यापर्यंत न्यावी लागेल. आयुष्यात कधी जुन्या काळी रक्त चढले असेल, डायलिसिस झाले असेल किंवा सुईबद्दल शंका असेल, तर प्रत्येकाने एकदा ही चाचणी करून घेणे, एवढे तर सहज करण्यासारखे आहे.